भंडारदऱ्यात चार दिवस: पॉइंट सोडून करण्यासारखं काय आहे?

मीरा_ठाणे | २२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मेच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस भंडारदऱ्याला जायचं ठरलंय. आम्ही सहा जण: मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी, सासूबाई (६९) आणि सासरे (७४). सासऱ्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात, पण पायऱ्या आल्या की तिथंच थांबतात.

गेल्या वर्षी आम्ही एका प्रसिद्ध थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. दिवसाला सात-आठ पॉइंट केले. गाडीतून उतरा, कठड्याशी फोटो काढा, कणीस खा, परत गाडीत बसा. परत आल्यावर धाकटीला विचारलं काय आवडलं, तर म्हणाली, "हॉटेलच्या मागं मांजरीची पिल्लं होती ती." तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी कमी बघायचं आणि काहीतरी करायचं.

भंडारदऱ्याची यादी नेटवर मिळाली: विल्सन धरण, अंब्रेला फॉल, रंधा, रतनवाडी, सांदण दरी, कळसूबाई. पण यातलं मेमध्ये खरंच काय करता येतं? आजी-आजोबांसकट सगळ्यांना चार दिवस पुरेल असं काय आहे? अनुभव सांगा.

पायवाट | २२ एप्रिल, रात्री १०:१२

कळसूबाई, रतनगड, सांदण. तीन दिवस झाले, चौथ्या दिवशी झोपा.

मीरा_ठाणे | २२ एप्रिल, रात्री १०:१५

पायवाट, ७४ वर्षांचे सासरे आहेत हो!

पायवाट | २२ एप्रिल, रात्री १०:२१

त्यांना कळसूबाईच्या पायथ्याला, बारी गावात चहाच्या टपरीवर बसवा. आम्ही माझ्या काकांना तसंच बसवलं होतं. वर जाऊन खाली आलो तोवर त्यांना निम्मं गाव नावानिशी माहीत झालं होतं. :)

गोदाकाठ | २२ एप्रिल, रात्री ११:०५

आधी एक स्पष्ट सांगते, म्हणजे मुलांचा हिरमोड होणार नाही. मेअखेर तिथं धबधबे नसतात. रंधा प्रवरेवर आहे आणि प्रवरेचं पाणी धरणात अडवलेलं. धरणातून पाणी सोडलेलं असेल तर नदी वाहते, नाहीतर रंध्याला काळा कातळ बघून यायचं. अंब्रेला फॉल तर धरणाच्याच एका मोरीतून पाणी सोडलं की खालच्या गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं म्हणून तो अंब्रेला. मोरी बंद, तर छत्रीही बंद. जलाशयही आटत आलेला असतो, रतनवाडीच्या टोकाला नुसता भेगाळलेला गाळ दिसतो. त्यामुळे बोटीचा बेत गेल्यावर चौकशी करूनच ठरवा.

आम्ही नाशिककर तिथं वर्षातून दोनदा जातो. सप्टेंबरात सोनकी फुलते तेव्हा अख्खे उतार पिवळे होतात. जुलैत घाटघरला धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही. पण मे संपताना जे असतं ते एरवी कधीच नसतं: काजवे.

डेक्कनवाला | २३ एप्रिल, सकाळी ७:३०

काजव्यांचं नाव काढलंत आणि माझा जुना घाव उघडा झाला. तीन वर्षांपूर्वी आम्ही एका शनिवारी गेलो होतो. जिथं उतरलो होतो त्यांनी 'काजवा पॅकेज' दिलं होतं. रात्री आठला गाड्यांची रांग लागली, हेडलाइट चालू, मागच्या गाडीत गाणी. एका झाडाखाली तीसेक माणसं मोबाईलचे टॉर्च लावून वर बघत होती. काजवे दिसतील कसे? माझ्या आईनं मला विचारलं, "अरे, आपण काय बघायला आलोय?" मला उत्तर देता आलं नाही. माझा सल्ला, काजव्यांच्या वाटेला जाऊच नका.

कवडसा | २३ एप्रिल, सकाळी ९:१८

डेक्कनवाला, तुमचा राग रास्त आहे, पण "जाऊच नका" हे काही पटत नाही. कसं जायचं ते सांगतो.

काजवा लुकलुकतो तो जोडीदारासाठी. नर प्रकाश पाडतो, मादी उत्तर देते. त्याचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून ओल्या मातीत, पाल्यापाचोळ्यात, गोगलगायी खात जातं. पंख फुटल्यावर हाताशी उरतात थोडेच दिवस. त्या दिवसांत आपण टॉर्च मारला की त्याला जोडीदाराची खूण दिसत नाही, तो लुकलुकायचा थांबतो. मीलन झालं नाही की अंडी नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्या झाडावर काजवे कमी. गोंगाट आणि धूळ आपल्याला खुपते, त्या जिवाला खुपतो तो प्रकाश.

म्हणून:
शनिवार-रविवार पूर्ण टाळा. अमावास्येच्या आसपासची रात्र असेल तर उत्तम. गाडी मुक्कामीच ठेवून पायी जाता येईल अशी जागा गावातल्या माणसाला विचारा. चालण्यापुरता उजेड लागलाच तर टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद दोन पदरी गुंडाळा आणि तो पायाशी धरा. झाडापाशी पोचलात की तोही बंद. मग दहा मिनिटं काही बोलायचं नाही. डोळे अंधाराला सरावले की जे दिसतं त्याचा फोटो निघत नाही, तेव्हा मोबाईल खिशातच राहू द्या.

झाडं ओळखा: सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर. एखाद्या सादड्यावर सगळे काजवे एका तालात पेटतात आणि विझतात. एका टोकाला सुरुवात होते आणि लाट आल्यासारखा प्रकाश दुसऱ्या टोकाला जातो.

हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. नाक्यावर शुल्क असतं, रात्री वाहनांबाबत नियम असतात. ते मनापासून पाळा.

भाकरतुकडा | २३ एप्रिल, सकाळी ११:४४

बेत काहीही करा, जेवण मात्र गावातल्या घरी घ्या. आदल्या दिवशी सांगितलं की करून देतात. नागलीची भाकरी (तिथं नाचणीला नागली म्हणतात), हिरव्या मिरचीचा ठेचा, पिठलं, आणि भात असेल तर आवर्जून विचारा कोणता आहे. अकोले तालुक्यात काळभात नावाचं सुवासिक वाण आहे. शिजत असताना ओसरीपर्यंत वास येतो. मेमध्ये करवंदं आणि जांभळं असतात. मुलांना विकत घेऊन देऊ नका, जाळीतून तोडायला लावा. काटे टोचतात, चीक हाताला चिकटतो, तो दोन दिवस जात नाही. मजा त्यातच आहे.

आणि राजूरचे पेढे!

डेक्कनवाला | २३ एप्रिल, दुपारी १:०२

राजूरच्या पेढ्यांना अनुमोदन. संगमनेर-अकोले-राजूर मार्गे येणाऱ्या पुणेकरांना ते वाटेवरच आहेत. तुम्ही ठाण्याहून कसारा-इगतपुरी-घोटी करून येणार, म्हणजे राजूर धरणाजवळच्या शेंडी गावाच्या पुढं राहील. तरी अर्धा दिवस काढून जा.

बर्फाचापाऊस | २३ एप्रिल, दुपारी ३:३०

मेच्या उन्हात सह्याद्री? थोडे पैसे जास्त घाला आणि मनाली करा. मुलांना बर्फ दिसेल.

गोदाकाठ | २३ एप्रिल, दुपारी ४:१०

बर्फाचापाऊस, चार दिवसांत मनाली म्हणजे दोन दिवस जाण्यायेण्यातच. शिवाय मेअखेर अख्खा देश तिथं असतो. रोहतांग जवळपास ४००० मीटरवर आहे, ७४ वर्षांच्या माणसाला एका सकाळी तिथं नेऊन आणणं मला तरी धोक्याचं वाटतं. मीरानं विचारलंय भंडारदऱ्याबद्दल, तिकडंच राहू.

बर्फाचापाऊस | २३ एप्रिल, दुपारी ४:२५

उंचीचा मुद्दा मान्य. मागे घेतो.

पायवाट | २३ एप्रिल, रात्री ९:५०

आता नीट लिहितो. काल घाईत होतो.

कळसूबाई नऊ वर्षांची मुलगी चढू शकते. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे वर गेल्यावर आपण सगळ्यांपेक्षा उंच उभे आहोत हे तिला कळेल. मेमध्ये एकच अट: पहाटे साडेचार-पाचला बारी सोडायचं. उन्हं तापायच्या आत शेवटच्या शिडीपाशी पोचलं पाहिजे. लोखंडी शिड्यांना कठडे आहेत. मुलीच्या मागं एका मोठ्यानं राहायचं, पुढं नाही. वाटेत ताक आणि लिंबू सरबत मिळतं, तरी माणशी दोन लिटर पाणी हवंच. माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ आहे. तिथून अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले एका ओळीत दिसतात, खाली भंडारदऱ्याचं पाणी.

सांदण दरीही करा. साम्रद गावापासून पहिल्या पाण्यापर्यंत जाऊन परत यायचं. दोन्ही बाजूंना सरळ कातळ, मधून जेमतेम वाट, मेच्या दुपारी आत गारवा.

गोदाकाठ | २३ एप्रिल, रात्री १०:३०

सांदणबद्दल माझा ठाम विरोध. मेअखेर वळीव कधीही येतो. ती मुळात जमिनीला पडलेली भेग आहे. वर घाटमाथ्यावर पाऊस झाला की सगळं पाणी त्या भेगेत उतरतं आणि आत असलेल्या माणसाला पळायला जागा नसते. मुलांना घेऊन तर अजिबात नाही.

पायवाट | २३ एप्रिल, रात्री १०:३८

सकाळी लवकर गेलं तर काय हरकत आहे? वळीव दुपारनंतर येतो.

गोदाकाठ | २३ एप्रिल, रात्री १०:४१

बहुतेक वेळा. लहान मुलं बरोबर असताना मी "बहुतेक"वर जात नाही.

मुळाकाठ | २४ एप्रिल, सकाळी ६:१५

राम राम मंडळी. मी अकोले तालुक्यातलाच, म्हणून लिहितो.

सांदणबाबत साम्रदची पोरं काय म्हणतात ते ऐका. आभाळ भरलं असेल तर ती माणसं नेत नाहीत, पैसे सोडतात. त्यांनी नाही म्हटलं की विषय संपला, तिथं वाद घालू नका. पावसाळ्यात दरी बंदच असते. ताई, तुमच्यासारख्या कुटुंबाला मी म्हणेन, दरीच्या तोंडापर्यंत जा, आत वाकून बघा, परत या.

रतनवाडीला मात्र अर्धा दिवस ठेवा. आजी-आजोबांना अमृतेश्वर चालेल, गाडी जवळपर्यंत जाते. शिलाहारांच्या काळचं देऊळ आहे. लोक येतात, हात जोडतात, पाच मिनिटांत निघतात. तुम्ही मुलांना एक काम द्या: एकाच खांबापुढं बसायचं आणि त्यावर किती आकृत्या आहेत त्या मोजायच्या. माझ्या पुतण्यानं मोजायला घेतल्या, जेवायची वेळ झाली तरी उठेना. शेजारी पुष्करणी आहे, तिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. मेमध्ये ती कोरडी दिसते. वर रतनगड, त्याचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, खालूनही ओळखता येतं. प्रवरा तिथंच उगम पावते.

घाटघरला संध्याकाळी जा. कड्यावरून खाली कोकण दिसतं. तिथल्या वीज प्रकल्पाची गोष्ट मुलांना सांगा: विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवतात, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे, २००८ सालापासून चालतो.

आणखी एक. आमच्या देवगावचे राघोजी भांगरे. महादेव कोळी समाजातले, इंग्रज आणि सावकारांविरुद्ध उभे राहिले, २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. तुम्ही ठाण्याच्याच, म्हणून मुद्दाम सांगितलं. मुलांना दोन्ही टोकं कळू द्या.

रानफूल | २४ एप्रिल, सकाळी ८:०५

मुळाकाठ दादा, किती छान लिहिलंत. कळसूबाईच्या नावाची गोष्ट पण सांगा ना. मी बारीत अर्धवट ऐकली होती.

मुळाकाठ | २४ एप्रिल, सकाळी ८:५०

आमच्याकडं सांगतात ती अशी. कळसू नावाची पोर एका घरी कामाला राहिली. केर-भांडी करणार नाही ही अट घालून राहिली. एक दिवस घरच्यांनी अट मोडून तिला भांडी घासायला लावली. तिनं घासली, आणि डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही. जिथं भांडी घासली ती जागा थाळेमेळ. माझी आजी एवढं सांगून थांबायची आणि म्हणायची, "बोलीला जागावं बाबा."

रानफूल | २४ एप्रिल, सकाळी ९:००

धाकटीला चढताना ही गोष्ट टप्प्याटप्प्यानं सांगा. एका शिडीला एक भाग. माझी भाची "पुढं काय झालं?" करत माथ्यावर पोचली.

भाकरतुकडा | २४ एप्रिल, सकाळी ११:२०

अकोल्याच्या बाजूनं येणाऱ्यांसाठी: कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांची गावठी बियाण्यांची बँक आहे. २०२० चा पद्मश्री त्यांना मिळाला. वाल, घेवडा, भात, भाजीपाला, सगळं जपलेलं. आधी कळवून, वेळ घेऊन जा. माझ्या आईला तिच्या माहेरी लावायचे तो वाल तिथं दिसला. चाळीस वर्षांनी ते बी हातात घेऊन ती काही वेळ बोललीच नाही.

डेक्कनवाला | २४ एप्रिल, दुपारी १२:१५

कवडसा, तुमचं काल वाचल्यापासून विचार करतोय. यंदा आईला घेऊन मंगळवारी जाईन म्हणतो. लाल जिलेटीन कागद कुठं मिळतो?

कवडसा | २४ एप्रिल, दुपारी १२:२२

कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात. मुलांच्या प्रकल्पांसाठी ठेवतात.

मीरा_ठाणे | २४ एप्रिल, रात्री १०:००

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! सांदण रद्द. कळसूबाईला मी, नवरा आणि मुलं. सासूबाई म्हणाल्या, कोणाच्या तरी चुलीपाशी बसवा, मी चार दिवस बसेन. राहता राहिले बाबा. त्यांना हे सगळं वाचून दाखवलं, नुसतं "हं" म्हणाले. मग जेवताना म्हणाले, "भंडारदऱ्याचं पाणी बघायचंय." एवढंच. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, राहुरीकडं. त्यांच्यासाठी काही सुचतंय का?

मुळाकाठ | २४ एप्रिल, रात्री १०:१८

ताई, हे तुम्ही शेवटी सांगितलंत! राहुरीकडं कालवा निरीक्षक म्हणजे त्यांनी सगळी नोकरी याच धरणाचं पाणी वाटलं. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेनं ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून डावा-उजवा कालवा, मग शेतांकडं जाणाऱ्या चाऱ्या. पाणीमागणीचे सात नंबरचे अर्ज घ्यायचे, पाळी ठरवायची, टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचतंय का ते सायकलवर फिरून बघायचं. कालवा निरीक्षकाचा जन्म त्यातच जातो. त्यांनी धरण कधी पाहिलं नाही?

मीरा_ठाणे | २४ एप्रिल, रात्री १०:२६

आत्ता विचारलं. नाही पाहिलं. म्हणाले, आवर्तन (धरणातून कालव्याला पाणी सोडायची पाळी) असलं की रजा नाही, आणि आवर्तन नसलं की बघायचं काय.

गोदाकाठ | २४ एप्रिल, रात्री १०:४०

मग पहिला दिवस त्यांचाच. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं, दगडी बांधकाम. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव दिलं. भिंतीच्या पायथ्याशी बाग आहे, तिथून सगळी भिंत नजरेत मावते, फार चालावं लागत नाही. भिंतीवर जायला परवानगी लागते, ती सहजासहजी मिळत नाही. उन्हाळी आवर्तन कधी सुटतंय ते मात्र बघून घ्या. बघायचं आहे ते पाणीच.

मुळाकाठ | २५ एप्रिल, सकाळी ६:३०

ते माझ्याकडं लागलं. तारीख कळली की निरोप टाकतो.

मीरा_ठाणे | ३ जून, रात्री ८:३०

परवा परत आलो. सगळ्यांना सांगायलाच हवं.

कळसूबाई झाली, सव्वापाचला निघून पावणेनऊला माथ्यावर. धाकटीनं देवळाला हात लावून विचारलं, "कळसूला इथं एकटं वाटत नसेल का?" मोठा अलंग-मदन-कुलंगकडं बघून आतापासूनच बेत करतोय. पायवाट, ते काम तुमचं आहे.

सासूबाई शेंडीजवळच्या एका घरी दोन दुपारी बसल्या. नागलीची भाकरी त्यांना थापता येईना, कडेला चिरायची. घरच्या काकूंनी त्यांचा हात धरून दाखवलं, गरम पाण्यात पीठ कसं मळायचं आणि बोटांनी नाही, तळहाताच्या कडेनं कसं फिरवायचं. तिसऱ्या भाकरीला पापुद्रा सुटला. येताना दोन किलो पीठ आणलंय.

काजवे बुधवारी पाहिले. गाडी मुक्कामी, लाल कागद, आणि बरोबर गावातला एक मुलगा. पायवाटेला एकच सादडा होता. धाकटी दहा मिनिटं गप्प बसली, हे मी पहिल्यांदा पाहिलं. कवडसा, लाट खरंच जाते.

आता बाबांचं. मुळाकाठ दादांचा निरोप आला होता की पाणी चालू आहे. पहिल्या दिवशी सकाळी बागेत नेलं. भिंतीपेक्षा आवाज आधी आला. बाबा काठी टेकत कठड्यापर्यंत गेले, पायऱ्या होत्या चार, न थांबता उतरले. तुषार अंगावर येत होते, चष्मा पुसायचे आणि परत बघायचे. तिथल्या रखवालदाराला विचारलं, कितवं आवर्तन, किती क्युसेक, किती दिवस चालणार. तो आधी गोंधळला, मग कळलं कोण आहेत ते, आणि त्यानं स्वतःची खुर्ची आणून दिली. दोघं तासभर बोलत होते. बाबा मुलांना सांगत होते, हे पाणी चौथ्या दिवशी टेलला पोचेल, तिथं एक म्हातारा शेतकरी रात्रभर चारीवर जागा बसलेला असायचा, कंदील घेऊन.

मग उरलेले तीनही दिवस ते रोज सकाळी तिथंच गेले. आम्ही नुसतं सोडायचो आणि आणायचो.

डेक्कनवाला | ३ जून, रात्री ८:५५

आईला आत्ता हे मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्ही पुढच्या मंगळवारी निघतोय. कागद आणलाय.

मुळाकाठ | ३ जून, रात्री ९:१०

आजोबांना माझा नमस्कार सांगा ताई. आणि किती क्युसेक सांगितलं त्यानं?

मीरा_ठाणे | ३ जून, रात्री ९:१४

आकडा त्यांच्या डायरीत आहे, चारही दिवसांचा, वेळेसकट. आत्ता झोपलेत. सकाळी विचारून टाकते.